बी विंगच्या टाकीवरचं टोक

आमच्या सोसायटीत वायरीला बंदी आहे. हा ठराव माझ्याच अक्षरात आहे, कारण गेली अकरा वर्षं सेक्रेटरी मीच आहे आणि दुसरं कोणी व्हायला तयार नाही. मध्यंतरी केबलवाल्यांनी आणि नेटवाल्यांनी ए विंग आणि बी विंगच्या मध्ये इतकं जाळं विणलं होतं की कावळ्यालाही अंग चोरून जावं लागायचं. ते सगळं मी खाली उभं राहून कापून घेतलं. म्हणून चौथ्या मजल्यावरचे धम्मपाल तांबे जेव्हा 'दोन्ही विंगच्या गच्च्यांमध्ये वीस मीटर लांबीची एक तार बांधण्याची परवानगी मिळावी' असा अर्ज घेऊन माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी तो पुरता वाचायच्या आधीच नाही म्हटलं.

"वाचा तरी, ताई," ते म्हणाले.

"तार म्हणजे वायरच ना?"

"हो. पण ही कुठे जात नाही. एका टोकाला माझं मशीन, दुसरं टोक नुसतं हवेत. कशालाच जोडायचं नाही."

कुठेच न जाणाऱ्या वायरीसाठी माणूस छापील अर्ज करतो, म्हटल्यावर मी त्यांना आत बोलावलं आणि चहा टाकला. कुतूहल हा माझा जुना आजार आहे.

तांबेभाऊ एकसष्ट वर्षांचे. अंगानं काडी, केस पांढरेशुभ्र, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. कोलशेतच्या एका कंपनीत जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळायचं काम त्यांनी एकोणीस वर्षं केलं. ती कंपनी केव्हाच गेली, तिच्या जागी आता तीस मजली टॉवर आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत खाडीचं दर्शन विकतात. नंतर तांबेभाऊंनी कल्याण स्टेशनजवळ स्वतःचं वाइंडिंगचं दुकान चालवलं, तेही दोन वर्षांपूर्वी बंद केलं. पण हात रिकामे बसत नाहीत. आमच्या जिन्यात कुठे बेलची वायर सोलवटलेली दिसली, की जाता जाता खिशातून काळ्या टेपचं रीळ काढायचं, दोन वेढे मारायचे आणि पुढे चालू लागायचं. उघडं टोक त्यांना बघवत नाही. एखाद्याला नाक शिंकरून हात न धुणारा माणूस बघवत नाही, तसं.

त्यांच्याशी भांडायला मात्र अजिबात मजा येत नाही. तुम्ही तोंड उघडता न उघडता तोच ते म्हणतात, "माझं चुकलं." पुढचं वाक्य तुमच्या घशातच राहतं. मला तर ह्या सवयीचा मनापासून राग येतो. भांडणाची तयारी करून गेलेल्या माणसानं मग काय करायचं?

तर चहा पिता पिता त्यांनी मला समजावलं ते असं. हौशी रेडिओ म्हणून एक प्रकार असतो, त्यातल्या लोकांना हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळतो, आणि गाडीच्या नंबरासारखी स्वतःची अक्षरं मिळतात. मग फोन नाही, नेट नाही, मधे कंपनी नाही, बिल नाही. आपलं मशीन, आपली तार, आणि आभाळ. आवाज वर जातो, आभाळाला धडकून खाली येतो आणि दुसऱ्याच्या तारेवर पडतो. तांबेभाऊंनी साठाव्या वर्षी ही परीक्षा दिली आणि पास झाले. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

"पण बोलायचंय कोणाशी?" मी विचारलं.

"रतनशी. कंपनीत माझा हेल्पर होता. आता गावाला असतो, संगमेश्वराच्या पुढे. त्याचा परवाना माझ्या आधीचा. त्यानेच मला ह्यात ओढलं. तीन वर्षं माझ्या मागे लागलेला, परवाना काढ, परवाना काढ."

"फोन नाही का त्याला?"

"आहे ना. रेंज नाही. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, चढला तर मिळते. पण फोनवर तो नीट बोलत नाही, ताई. काहीतरी सुरू करतो आणि सोडून देतो. रेडिओवर ये म्हणतो, तिथे बोलू."

मी अर्ज ठेवून घेतला. खरं सांगायचं तर त्या क्षणीच मी त्यांच्या बाजूची झाले होते, पण ते दाखवणं सेक्रेटरीला शोभत नाही.

कमिटीत मात्र राकेश भोईर होते. भोईर आमचे चेअरमन. मूळचे कोलशेत गावातले, आता ट्रान्सपोर्टचा धंदा, आवाज असा की त्यांना माईक द्यावा लागत नाही. त्यांनी अर्ज टेबलावर आपटला.

"तांबेभाऊ, तुमच्याबद्दल मला काय नाय. पण उद्या टीव्ही बिघडला, वीज पडली, कोणाचा मोबाइल बंद पडला, तर लोक माझी कॉलर धरनार. आणि ह्याचा उपयोग काय सोसायटीला?"

तांबेभाऊ नेहमीसारखे "माझं चुकलं" म्हणतील आणि अर्ज परत घेतील, असं मला वाटलं. पण त्या दिवशी ते उभे राहिले. "पूर आला, टॉवर बंद पडले, की हे चालतं. मी दाखवतो. दोनशे किलोमीटरवरच्या माणसाचा आवाज गच्चीवर ऐकवतो, सगळ्यांना."

"कधी?"

रविवारी अकरा वाजता लिफ्टच्या प्रश्नावर गच्चीवर विशेष सभा होती. भोईरांनी तिथल्या तिथे निकाल दिला. रविवारी अकराच्या आत रतनचा आवाज आला, तर तार राहील. नाही आला, तर त्याच दिवशी उतरेल आणि पुन्हा अर्ज करायचा नाही. मी ते लिहून घेतलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. तो सोमवार होता.

मंगळवारपासून चारशे दोन नंबरच्या घरात जेवायचं टेबल जेवायचं राहिलं नाही. मी दिवसातून दोनदा काही ना काही निमित्त काढून जायची. तांबेभाऊ काचेच्या बांगडीएवढं एक काळं कडं हातात धरून त्यावर तांब्याची तार गुंडाळत होते. एका बाजूला दोन वेढे, दुसऱ्या बाजूला चौदा. वेढ्याला वेढा चिकटून, मधे केस जाणार नाही असा. हे कडं एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवायचं, डबीला मशीनची केबल जोडायची, आणि डबीतून ती वीस मीटरची तार निघणार.

"कोलशेतला असताना तीनशे वेढ्यांची मोटर गुंडाळायचो," ते म्हणाले. "आणि आता चौदा वेढ्यांना दोन तास लागतायत बघा."

त्यांची बायको माया पोळ्या ओट्यावरच वाढत होती. ती म्हणाली, "चाळीस वर्षं झाली लग्नाला. घरात तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि आता हे आभाळाशी बोलणार." पण तिनंच कडं नीट दिसावं म्हणून टेबलावर दिवा आणून ठेवला होता.

गुरुवारी संध्याकाळी तार चढवायची होती. दोन विंगांच्या मध्ये जांभळाचं मोठं झाड आहे, त्यामुळे खालून दोरी ओढली की ती फांद्यांत अडकते. ए विंगच्या गच्चीवरून दोरी झाडावरून पलीकडे फेकायची आणि तिला बांधून तार ओढून घ्यायची, एवढाच मार्ग होता. दोरी नायलॉनची, टोकाला मोज्यात घातलेला दगड. पहिली फेक तांबेभाऊंची. दगड सरळ जांभळात गेला. दुसरी आमचा खजिनदार हर्षित याची. हा अठ्ठावीस वर्षांचा, कंपनीच्या क्रिकेट टीममध्ये आहे असं तो स्वतःच सांगतो. त्याचा दगड बी विंगपर्यंत पोचला पण दोरी त्याच्याच पायाखाली होती, तेव्हा दोरी इथेच राहिली आणि दगडासकट नुसता मोजा गेला. तोवर गच्चीवर पंधरा-वीस माणसं जमली होती आणि प्रत्येकाला दोरी कशी फेकावी हे ठाऊक होतं.

भोईर तमाशा बघायला आले होते, हाताची घडी घालून. तिसरी फेक जांभळात अडकली तसे ते अस्वस्थ झाले. चौथी अडकली तेव्हा त्यांना राहवेना.

"कोनी फेकायला शिकवलंच नाय का तुम्हाला? हट बाजूला." ते खाली गेले, गाडीच्या डिकीतून शिशाचं वजन घेऊन आले. रविवारी खाडीवर गळ टाकायला बसतात, ते सामान गाडीतच असतं. त्यांचे वडील कोलशेतच्या खाडीत पाग टाकायचे, म्हणजे हातानं फेकायचं जाळं. भोईरांनी दोरीचे वेढे डाव्या हातावर घेतले, उजव्या हातानं वजन दोनदा हळू झुलवलं, आणि सोडलं. दोरी वेढ्यामागून वेढा सुटत गेली, जांभळाच्या शेंड्यावरून सावकाश पार झाली आणि शिसं बी विंगच्या पाण्याच्या टाकीवर टण्णकन वाजलं.

सगळ्या गच्चीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. भोईर म्हणाले, "विरोध माझा अजून हायच," पण चेहरा फुललेला होता.

तांबेभाऊ एकटेच जिना उतरून बी विंगवर चढले, तार ओढून घेतली आणि टाकीवरच्या लोखंडी खांबाला बांधली. मधे चिनी मातीचा अंड्याएवढा ठोकळा, म्हणजे तार खांबाला टेकायला नको. इकडून आम्ही हात हलवत होतो, तिकडून ते. काळोख पडता पडता ते परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला घाम आणि शेवाळ होतं, आणि मी त्यांना इतकं खूश कधीच बघितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी, माया आणि हर्षित त्यांच्या मशीनपाशी दाटीवाटीनं उभे होतो. मशीनच्या शेजारी काट्याचं एक छोटं मीटर. तांबेभाऊंनी समजावलं की काटा डावीकडे राहिला तर तारेनं आपला आवाज घेतला, उजवीकडे लाल पट्ट्यात गेला तर तारेनं तो तोंडावर परत फेकला. त्यांनी बटण दाबलं. काटा सरळ लाल पट्ट्यात जाऊन आडवा झाला.

"वेढे चुकले," ते लगेच म्हणाले. "माझं चुकलं."

डबी उघडली, कडं काढलं, सोळाच्या सोळा वेढे सोडून पुन्हा गुंडाळले. पुन्हा लाल. दुपारी नवं कडं घेतलं. लाल. शनिवारी हर्षितनं मोबाइलवर कुठकुठले व्हिडिओ लावून डबीचा प्रत्येक जोड तपासला. सगळं बरोबर. काटा लाल. शनिवारी संध्याकाळी भोईर स्वतः वर येऊन गेले आणि म्हणाले, "माझी फेक सरळ होती, ते लक्षात ठेवा." आता बोला. विरोध करणाऱ्यालाही तार चालावी असं वाटू लागलं होतं, पण अट ती अटच, आणि ती मीच लिहून ठेवली होती. रतनला फोन लावला तर तो रेंजच्या बाहेर. तांबेभाऊ जेवले नाहीत. मायानं ताट झाकून ठेवलं.

रविवारी नऊ वाजता रतन मशीनवर येणार, हे आधीच ठरलं होतं. तांबेभाऊंनी मशीन गच्चीवर आणून प्लॅस्टिकच्या स्टुलावर मांडलं. लिफ्ट बंद, म्हणून लोक धापा टाकत लवकरच चढायला लागले होते. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. तांबेभाऊ रतनची अक्षरं पुकारत होते आणि काटा लाल पट्ट्यात जाऊन पडत होता. पंधरा मिनिटांनी त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. रतन. आवाज येत नाही म्हणून बिचारा सड्यावर चढला होता. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून धरला.

"काटा कुठे जातो?" रतननं विचारलं.

"पूर्ण लाल. रतन, माझं चुकलं, वेढे माझे..."

"वेढे तुझे चुकायचे नाहीत. डबी सोड. दुसऱ्या टोकाला काय केलंयस?"

"अंडं लावलंय. चिनी मातीचं."

"अंड्याच्या पलीकडे?"

तांबेभाऊ वळून बी विंगच्या टाकीकडे बघू लागले. फोनमधून सड्यावरचा वारा ऐकू येत होता.

"धम्मा," रतन हळूच म्हणाला, "अर्थिंग केलंस ना?"

"हातानं करून टाकलं रे. मला आठवतपण नाही." तांबेभाऊंचा चेहरा कागदासारखा झाला. "अंड्यावरून उरलेलं टोक खाली आणलं आणि विजेच्या पट्टीला बांधलं. टेप मारली."

वीज पडली तर जमिनीत जावी म्हणून प्रत्येक बिल्डिंगवर तांब्याची पट्टी खाली सोडलेली असते. ह्या माणसानं ते हवेत ठेवायचं टोक तिच्याशी नेऊन नीट, पक्कं, टेप मारून बांधलं होतं. दोन दिवस आम्ही सगळे डबीत डोकं घालून बसलो होतो, कारण टाकीवरचं काम तांबेभाऊंनी केलेलं, तिथे काय बघायचं?

"सोड ते," रतन म्हणाला. "माणसाचा हात पोचणार नाही इतकं वर आहे ना? मग सोड. मी खाली उतरून मशीनवर बसतो, अर्धा तास लागेल." आणि फोन कट झाला.

मी घड्याळ बघितलं. दहाला पाच कमी. मी तांबेभाऊंच्या मागोमाग पाच मजले उतरले आणि पाच मजले चढले, माझ्या गुडघ्यांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं आहे. बी विंगच्या टाकीवर ते पकड हातात घेऊन पट्टीपाशी बसले आणि तसेच बसून राहिले.

"कापा की," मी म्हटलं.

"ताई, हात होत नाही."

मग त्यांनी सांगितलं. नव्व्याण्णव साली कोलशेतला एका पॅनेलमधून त्यांनी मोटर सोडवली होती. वायरीच्या टोकाला टेप मारली की नाही, ते आजही त्यांना आठवत नाही. चहानंतर रतननं त्या पॅनेलमध्ये हात घातला. डाव्या हाताची तीन बोटं गेली, आणि सहा आठवडे तो दवाखान्यात होता. साहेबांनी सगळ्या खात्यासमोर विचारलं, टोक उघडं कोणी ठेवलं. तांबेभाऊ पुढे झाले. पंधरा दिवस घरी बसवलं, सगळ्यांसमोर मान खाली घालून गेटातून बाहेर पडले. "तेव्हापासून हाताला उघडं टोक ठेवता येत नाही," ते म्हणाले. "डोकं हो म्हणतं, हात ऐकत नाही."

सव्वादहा झाले होते. मी एवढंच म्हटलं, "ज्याची बोटं गेली तोच सोड म्हणाला ना? मग त्याचं ऐका."

त्यांनी डोळे मिटले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. टेप उलगडली, पट्टीवरचे वेढे एकेक करून सोडले, आणि टोक अंड्याच्या मागे वर, कुणाचाही हात पोचणार नाही असं दुमडून मोकळं ठेवलं. मग दोन मिनिटं त्याच्याकडे बघत उभे राहिले. मला त्यांना हाताला धरून खाली आणावं लागलं.

ए विंगच्या गच्चीवर परत पोचलो तेव्हा दहा चाळीस झाले होते. खुर्च्या भरल्या होत्या. तांबेभाऊंनी बटण दाबलं. काटा हलला, जरासा वर आला आणि डावीकडेच राहिला. हर्षित ओरडला. भोईर खुर्ची मागे सारून मीटरवर वाकले आणि त्यांनी ते इतक्या जवळून बघितलं की मी त्यांना बाजूला केलं.

तांबेभाऊंनी रतनची अक्षरं पुकारली. मग स्वतःची. बटण सोडलं. खरखर. पुन्हा पुकारलं. खरखर. दहा पन्नास. भोईरांनी घड्याळ बघितलं आणि हात खिशात घातला, जणू घड्याळच लपवायचं होतं. तिसऱ्यांदा पुकारलं. खरखरीतून बदकानं बोलावं तसा एक आवाज उठला. तांबेभाऊंनी चकती केसभर फिरवली, आणि त्या बदकाचा माणूस झाला.

"...धम्मा, ऐकतोय तुला. पाच नऊ. एकदम पाच नऊ. आवाज समोर बसल्यासारखा. ओव्हर."

गच्चीवर जो गलका झाला तो खाली दुकानांपर्यंत गेला असणार. संगमेश्वरापलीकडचा माणूस, मधे फोन नाही, नेट नाही, आमच्या जांभळावरून जाणाऱ्या एका तारेत. भोईरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. "लिहून घ्या मॅडम, वायर राहनार." तांबेभाऊंनी रतनलाही पाच नऊ, म्हणजे आवाज एकदम स्वच्छ आणि जोरात, असं सांगितलं, गच्चीवर चाळीस माणसं आहेत म्हणून सांगितलं, टोक सोडलं म्हणून सांगितलं, आणि मग त्यांची जीभ सवयीनं घसरलीच. "रतन, माझ्यामुळे तुझा हात..." एवढं बोलून त्यांना पुढचं सुधरेना. "ओव्हर," ते म्हणाले.

"आता मी बोलणार आणि तू ऐकणार," पलीकडून आवाज आला. "मी ओव्हर म्हणेपर्यंत तू बटण दाबलंस तरी मला काही ऐकू यायचं नाही, म्हणून दाबू नको. धम्मा, त्या पॅनेलमधल्या टोकाला टेप तू मारलेलीस. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेली. ती मी काढली. लाइन तपासायला काढली, चहा आला म्हणून तशीच सोडून गेलो, आणि परत आलो तेव्हा विसरलेलो. शुद्धीवर आलो तर तू आधीच सायबाला सांगून मोकळा, की चूक माझी. हात तर गेलाच होता, खरं बोललो असतो तर कामावरनं पण गेलो असतो. घाबरलो. गप्प बसलो. नंतर किती वेळा सांगायला गेलो. तू डबा घेऊन दवाखान्यात यायचास, मी तोंड उघडलं की तुझं सुरू, रतन माझं चुकलं, रतन मला माफ कर. मी गावाला निघालो, खोपटच्या एसटी स्टँडवर मला गाडीत बसवायला आलास तेव्हा पण तेच. फोनवर पण तेच. मला कधी बोलूच दिलं नाहीस. इथे मध्ये बोलता येत नाही, म्हणून तुला इथे आणला. तुझ्या गच्चीवर माणसं आहेत ना? बरं झालं. तू सगळ्यांसमोर मान खाली घातलेलीस, मी पण सगळ्यांसमोर सांगतो. टोक तू बांधलेलंस. मी सोडलं. ओव्हर."

खरखर सुरू झाली. मला रतनचा संताप आला, खरं सांगते. पंचवीस वर्षं. त्यातली शेवटची काही मी ह्या माणसाला जिन्यात टेप मारत फिरताना बघितलं होतं, आणि त्याची थट्टाही केली होती. पण तो संताप पुरता भरायच्या आत मी माया तांबेकडे बघितलं आणि विसरले. ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीत दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून बसली होती.

तांबेभाऊंनी माईक तोंडाशी नेला, खाली आणला, पुन्हा नेला. 'चुकलं' हा शब्द त्यांच्या ओठांवर नव्हता. त्याच्या जागी काय म्हणायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"रतन," ते शेवटी म्हणाले, "आवाज स्वच्छ येतोय. पण परत सांग. शेवटचं तेवढं परत सांग. ओव्हर."

"टोक तू बांधलेलंस," रतन म्हणाला. "मी सोडलं. ओव्हर."

तांबेभाऊंनी मायाकडे बघितलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "अजून एकदा सांगायला सांगा त्यांना."